आतून मारलेली गाठ

१

सकाळी दुकान उघडण्याआधी मी चुंबक घेऊन फरशीवर बसते. आमच्या घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. जुन्या खुर्च्या आणि सोफे उसवायचे, आतलं भरण बदलायचं, नवं कापड चढवायचं, हे माझं काम. त्यात खिळे, टाचण्या, सुया कोपऱ्याकोपऱ्यात उडतात. पूर्वी ही वेचावेच मी दुकान बंद करताना करत असे. फौजदारीण आल्यापासून सकाळी करते, कारण चुंबक फिरल्याशिवाय तिला या खोलीत सोडायचं नाही असा माझा नियम आहे.

फौजदारीण म्हणजे आमची कुत्री. मातकट रंगाची, एक कान मोडलेला, नजर अशी की आपणच काहीतरी चोरलंय असं वाटावं. नाव माझ्या थोरल्या बहिणीनं ठेवलं. ताई आता निवृत्त आहे, डोळ्यांनी अधू आहे, पण जिभेची धार तशीच आहे. कुत्री आली त्या दिवशी उंबऱ्यावरचं तिचं हुंगणं ऐकून ताई म्हणाली, "ही झडती घेतल्याशिवाय घरात पाय ठेवायची नाही. फौजदारीणच आहे."

टाकून दिलेल्या कुत्र्यांची एक संस्था आहे, तिथून मी तिला आणलं. तिथल्या बाईंनी आधीच सांगितलं होतं, "हिला घरं मिळाली, पण टिकली नाहीत. आधी खेळणी फाडते, मग उशा, मग गाद्या. चावत नाही, भुंकत नाही, नुसती उसवत बसते. तुम्ही काय काम करता?"

"गाद्याच," मी म्हणाले.

बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग गंभीर झाल्या. "पण एक लक्षात ठेवा. आता परत आली तर पुन्हा कोणाला द्यायची नाही, असं आमचं ठरलंय. मागच्या पिंजऱ्यांत राहील. कायमची."

"परत यायची नाही," मी म्हणाले, आणि सही केली.

फाडते हा शब्द चुकीचा आहे, हे मला लवकरच कळलं. चेंडू दिला तर ती चारचौघींसारखी मागे धावते. दोरी दिली तर ओढते. पण कापडाचं, भरलेलं, शिवून बंद केलेलं काही दिलं की तिचा खेळ थांबतो. आधी ती त्यावर पंजा दाबते. कान लावते. मग नाक शिवणीवरून फिरवत शेवटच्या टाक्यापर्यंत जाते आणि पुढच्या दातांनी तो टाका उचलते. कापडाला भोक पडत नाही. शिवण उलगडते. कापूस बाहेर काढून ती बाजूला ठेवते, रिकाम्या पोटात तोंड घालून हुंगते, एकदा शिंकते आणि निघून जाते. नंतर त्या खेळण्याकडे ढुंकूनही बघत नाही.

माझ्या हाताखाली शिकायला आलेल्यांना इतकं नीट उसवता येत नाही.

मग मी काय करायची? उसवलेलं दिसलं की माझा हात सुईकडे जातो. टोपलीत दोन हत्ती, एक ससा, एक अस्वल. सकाळी ती उसवायची, दुपारी मी शिवायची. ताई पलंगावरून आवाजाच्या रोखानं बघत म्हणायची, "चालू द्या. एकीनं खणायचं, दुसरीनं बुजवायचं. आणि ती करंगळी खाली घे की जरा, सुई धरलीयस का चहाचा कप?"

शिवताना माझी करंगळी वर राहते. लहानपणापासूनची खोड आहे, ताईला न बघताही ठाऊक असलेली. जात नाही.

२

एका सकाळी टोपलीतला मोठा हत्ती मला बंद दिसला.

आदल्या दुपारी तो उघडा होता, हे मला नक्की आठवत होतं, कारण एका गिऱ्हाइकामुळे शिवायचा राहून गेला होता. पण माणूस कामाच्या ओघात शिवून ठेवतो आणि विसरतो. टाकेही माझ्यासारखेच होते, किंचित तिरपे. फक्त जरा बाळबोध. मी थकले असताना घालीन तसे.

मी सवयीनं नख फिरवून गाठ चाचपली. गाठ नव्हती.

हे नीट सांगायला हवं. भरायची कुठलीही वस्तू आधी उलटी शिवतात. मग सुलट करून भरण कोंबतात आणि उरलेलं तोंड बाहेरून शिवून बंद करतात. पहिली गाठ आत ठेवता येते. शेवटची ठेवता येत नाही, कारण ती मारणारा हात बाहेर असतो. तुम्ही ती कितीही दडवा, नखाला लागतेच.

मी हत्ती उसवला. दोन्ही गाठी आत होत्या. शेवटच्या गाठीचं शेपूट कापसात मोकळं लोंबत होतं, काम संपल्यावर कोणीतरी सोडून दिल्यासारखं.

"ताई, तू शिवलास का हा?"

"हो तर. परवा बसून भरतकामही केलं," ताई म्हणाली. "अगं, मला सुईचं भोक दिसत नाही आणि तू टाके विचारतेस?"

"मग मीच शिवला असेन."

"झोपेत शिवायला लागलीस? माझी गोधडी तेवढी सोड म्हणजे झालं."

मी हसले. फौजदारीण हसण्यासारख्या मूडमध्ये नव्हती. उघड्या हत्तीसमोर बसून ती माझ्याकडे बघत होती. आपण इतके दिवस जे सांगतोय ते या बाईला एकदाचं दिसलं, अशा नजरेनं.

३

मी घाबरट नाही आणि भोळीही नाही. खात्री करून घ्यायची ठरवलं. दुपारी जेवणानंतर ससा उघडाच ठेवला, कापूस त्याच्या पोटात सैल भरला आणि मागच्या खोलीतल्या फळीवर बसवला. ती खोली रिकामी आहे, तिथे फक्त कापडाचे तागे असतात. खिडकीला जाळी आहे. दाराला कुलूप लावलं, किल्ली कनवटीला खोचली आणि दारासमोरच खुर्ची टाकून बसले. फौजदारीण माझ्या पायांशी होती. ताई आत घोरत होती.

मला झोप लागली नाही, हे मी शपथेवर सांगते. आतून काही पडल्याचा आवाज आला नाही. एकदा मात्र कुत्रीनं मान वर केली आणि मोडका कान दाराकडे वळवला. मीही ऐकलं. जाड कापडातून सुई निघते तेव्हा होतो तो बारीक टच, आणि मागोमाग धागा ओढला गेल्याची सर्र. थोडा वेळ गप्प. पुन्हा टच. पुन्हा सर्र.

रस्त्यावर कोणी झाडत असेल, मी म्हणाले. भिंतीत पाल असेल. पण जन्म ज्या आवाजात गेला तो आवाज मला दुसऱ्या कशाचा वाटेना.

दार उघडलं. ससा होता तिथेच होता, बंद. टाके हत्तीच्या टाक्यांपेक्षा बरेच सुधारलेले होते.

मी तो खिडकीच्या उजेडात उसवला. गाठी आत. धागा माझ्या रिळांतला नव्हता. सशाच्याच पोटातला कापूस पिळून पिळून काढलेला होता, केसासारखा बारीक, पांढरा, तुटता तुटत नव्हता.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं ते असं. आतून शिवणारा शिकणार कोणाचं पाहून? रोज दुपारी मी एकेक खेळणं मांडीवर घेऊन बंद करत होते. बाहेरून मला माझे टाके दिसत होते. आतून कोणाला तरी तेच टाके, उलट्या बाजूनं, एकामागून एक येताना दिसत होते. मी आठवड्यामागून आठवडे शिकवणी घेत होते.

ताईला मी सगळं सांगितलं. ती थट्टा करेल अशी अपेक्षा होती. तिनं सशाच्या पोटातला धागा बोटांवर घेतला, चोळला, आणि एवढंच म्हणाली, "कुत्री गेली की हेही जाईल."

"किंवा कुत्री गेली की याला कोणी उसवणारच राहणार नाही," मी म्हणाले.

मी टोपली उचलली आणि खेळणी कात्रीनं आरपार कापून टाकली. घरात बंद, भरलेलं काही उरलं नाही, असं मला त्या क्षणी वाटलं. गादीकाम करणाऱ्या बाईनं असं समजावं, याला काय म्हणायचं?

४

दातांच्या डॉक्टरांची आरामखुर्ची त्याच आठवड्यात तयार झाली. खुर्ची त्यांच्या वडिलांची, उंच पाठीची, रुंद हातांची. मी तिला गडद हिरवं कापड चढवलं होतं. पाठीमागची शेवटची शिवण मी वाकड्या सुईनं, जिवाभावानं घातली होती.

फौजदारीण त्या खुर्चीसमोर येऊन बसली ती उठेचना. जेवायला आली नाही. चेंडू टाकला तर तो तिच्या अंगावरून घरंगळत गेला. खुर्चीच्या पाठीवर तिची नजर होती आणि मानेवरचे केस उभे होते.

डॉक्टर खुर्ची बघायला आले. मोजून बोलणारा, स्वच्छ माणूस. "वा," ते म्हणाले, "अगदी बाबा बसलेत असं वाटतं." आणि टेकायला म्हणून पुढे झाले.

त्यांचं अंग खुर्चीला लागायच्या आत फौजदारिणीनं झेप घेतली. त्यांच्यावर नव्हे. खुर्चीच्या मागे, शिवणीवर. एवढे दिवस हळुवार उसवणारी ती कुत्री कापड दातांत धरून अक्षरशः झोंबली. हातभर शिवण टरकली. डॉक्टर भिंतीला जाऊन चिकटले.

"हे काय आहे? बाई, हे काय आहे?"

"शिवण दुरुस्त करून देते, डॉक्टर."

"उद्या दुपारी माझा हातगाडीवाला येईल. खुर्ची नीट असली पाहिजे. आणि हे जनावर इथे नसलं पाहिजे, नाहीतर गल्लीतल्या सगळ्यांची सही घेऊन तक्रार करीन." दारात थांबून त्यांनी तिच्या जबड्याकडे पाहिलं. "दात मात्र उत्तम आहेत," ते नाइलाजानं म्हणाले आणि गेले.

ताई आतून आली. तिच्या हातात फोन होता.

"मी संस्थेच्या बाईंना कळवलंय. उद्या येतील न्यायला."

"मला न विचारता?"

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"मरेपर्यंत पिंजऱ्यात राहील ती, ताई."

"आणि तू? तू कशात राहणार आहेस?" ताईनं फोन पदरात गुंडाळला. "मला दिसत नाही, पण ऐकू येतं. परवापासून माझ्या उशीला कान लावला की टच ऐकू येतो. मला ते नकोय. मला हे काहीच नकोय."

संध्याकाळी मी खुर्चीची फाटलेली शिवण पुन्हा घालायला बसले. धागा ओवला. सुई टेकवली. मग धागा काढून घेतला, सुई गादीत खोचली आणि उठले. आयुष्यात पहिल्यांदाच मी गिऱ्हाइकाचं काम उसवलेलं सोडलं.

सकाळी ते बंद होतं. टाके इतके सुरेख होते की मला माझेच वाटले असते.

५

दुपारची वेळ. रस्त्यावर लख्ख ऊन. ताई स्वयंपाकघरात भांडी आपटत होती, म्हणजे रडत होती. हातगाडीवाला आणि संस्थेच्या बाई, दोघंही थोड्या वेळात येणार होते. मी कुत्रीच्या गळ्यात पट्टा घालायला गेले तर तिनं मान बाजूला केली. पळाली नाही. खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

आणि खुर्चीतून आवाज आला. टच. सर्र.

उकाड्यानं स्प्रिंगा सैल होतात, मी मनात म्हणाले. उंदीर असेल. उंदीर. पण उंदीर टाक्याटाक्याला थांबत नाही. प्रत्येक टाक्यानंतर धागा ताणून बघत नाही.

मी पट्टा टेबलावर ठेवला आणि शिवण उसवायचं पातं घेतलं.

पाठीमागे गुडघे टेकून मी डाव्या टोकापासून सुरुवात केली. पहिले टाके सहज सुटले. पातं पुढे सरकत होतं, कापडाच्या दोन्ही कडा फाकत होत्या, आणि त्या फटीतून कढत हवा आली, नुकत्याच सोडलेल्या अंथरुणाची असते तशी. मी वीतभर गेले असेन. मग मागे पाहिलं तर जिथून सुरुवात केली होती तिथल्या कडा पुन्हा जवळ आल्या होत्या. कापसाचा पांढरा धागा एका कडेतून वर यायचा, दुसऱ्या कडेत बुडायचा. टच. सर्र. टच. सर्र. मी उसवत होते तितक्याच वेगानं माझ्या मागून ते शिवत होतं.

उठून पळावं असं वाटलं, खरंच वाटलं. त्यानंतर मात्र मला विलक्षण राग आला. बापाच्या हाताखाली नाही, कुठल्या शाळेत नाही, एकटीनं, बोटं फोडून घेत शिकलेलं काम होतं माझं. ते फुकटात उचलून माझ्याच खोलीत, माझ्याच खुर्चीत, माझ्यावर चालवायचं?

"ए," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. स्वयंपाकघरातली भांडी थांबली. "या घरातलं शिवणकाम मी करते."

मी पातं टाकलं आणि मोठी कात्री घेतली. शिवण सोडली. सरळ कापडाच्या मधोमध कात्री घातली आणि वरपासून खालपर्यंत चालवली. गडद हिरवं कापड, नवं कोरं. फौजदारिणीनं एक कड दातांत धरली आणि मागे मागे ओढत नेली.

आतला काथ्या आणि कापूस मी भरला होता तसा नव्हता. चारी बाजूंना दाबून, गुळगुळीत करून मधे जागा केली होती. गुडघे पोटाशी घेऊन कोणी बसावं एवढी. जागा रिकामी होती, किंवा माझी नजर पोचेपर्यंत झाली होती. वरच्या कोपऱ्यात, सावलीत, धाग्याचं टोक अजून चिमटीत धरलेलं होतं. चिमूट कशाची ते मी नीट पाहिलं नाही, कारण मला फक्त एकच गोष्ट दिसली. तिची करंगळी वर होती.

मग कापूस ढासळला आणि फौजदारीण शिंकली.

६

ते दोघं एकदमच आले. हातगाडीवाला दारात, त्याच्या मागे संस्थेच्या बाई, हातात दोरी. खोलीभर काथ्या पसरला होता. खुर्चीची पाठ उभी चिरलेली, स्प्रिंगा उघड्या.

बाईंनी कपाळाला हात लावला. "शेवटी केलंच हिनं."

"हिनं नाही," मी म्हणाले. "मी केलं."

"बाई, तुम्ही तिला पाठीशी घालताय."

"कात्री माझ्या हातात आहे. तिला कात्री धरता येत असती तर पगार देऊन ठेवली असती."

हातगाडीवाला फिसकन हसला आणि मग खुर्चीकडे बघून हसायचा थांबला. "डॉक्टरांना काय सांगू?"

"सांगा की खुर्ची पुन्हा करून देईन. लाकूड आणि वेत. भरलेली नाही. आणि तक्रार करायची तर माझ्या नावानं करा म्हणावं, कुत्रीच्या नाही."

बाई अजून दोरी धरून उभ्या होत्या. "पण मला फोन आला होता. तुमच्या बहिणीनंच केला होता."

तेवढ्यात ताई आली. भिंतीला हात लावत लावत, चाचपडत. तिच्या काखेत तिची उशी होती आणि दुसऱ्या हातात भाजी कापायची सुरी. तिनं उशी माझ्यासमोर फरशीवर टाकली.

"ही पण बघ," ती म्हणाली. मग आवाजाच्या रोखानं बाईंकडे वळली. "फोन मी केला होता. चुकून लागला. तुम्ही चहा घेणार का? बसायला मात्र स्टूल आहे. बाकी सगळं उघडायचंय आम्हाला."

बाईंनी दोरी गुंडाळून पिशवीत ठेवली. चहा घेतला नाही.

७

आता आमच्या घरात कशालाच पोट नाही. आम्ही सतरंजीवर झोपतो. दुकानात येणाऱ्याला मी आधीच सांगते, वेताचं काम करीन, फळ्यांचं करीन, ताणलेल्या पट्ट्यांचं करीन, बंद करून देणार नाही. बरीच गिऱ्हाइकं गेली. ताई म्हणते, म्हातारपणी जमिनीवर झोपायला लावलंस, आता मेल्यावर खाली उतरवायचाही त्रास नाही कोणाला.

फौजदारीण चेंडू खेळते. दारातून आत येताना झडती घेते, पण उगाच, सवयीनं. घर शांत आहे.

आज दुपारी मी खिडकीत वेत विणत बसले होते. ती आली आणि माझ्यासमोर पाठीवर लोळली, पाय वर, पोट उजेडाला. लाडात आली असं समजून मी पोटावरून हात फिरवला. पिल्लं होऊ नयेत म्हणून संस्थेनं तिची शस्त्रक्रिया केलेली आहे, त्याचा व्रण आहे मधोमध. टाके सरळ आणि सुबक. माझं नख आपोआप त्याच्या टोकापर्यंत गेलं.

गाठ लागली नाही.

मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अहो, आम्ही टाके आतूनच घेतो. गाठ कातडीखाली दडवतो. चांगल्या हाताची खूण आहे ती."

"आणि धागा?"

"विरघळतो. आत्तापर्यंत काही शिल्लकही नसेल."

मी आभार मानले आणि फोन ठेवला. त्या खरं सांगत असणार. मला दुसरं काही खरं धरायचं नाही. पण बोटाखाली धागा होता. ताठ.

फौजदारीण तशीच पडून होती. तिनं मान वळवली, बाजूला पडलेलं उसवायचं पातं नाकानं ढकलत ढकलत माझ्या गुडघ्यापाशी आणलं आणि माझ्याकडे पाहिलं. नजर तीच, झडती घेणारीची. नियम सगळ्यांना एकच, असं म्हणणारी.

मी पातं उचललं, उठले आणि खिडकीतून बाहेर, रस्त्यापलीकडच्या गटारात भिरकावलं. कात्र्या ताईच्या हवाली केल्या आणि कपाट लावून घ्यायला सांगितलं. परत येऊन तिच्याजवळ बसले.

"नाही," मी तिला सांगितलं. "तू वस्तू नाहीस. तुला नाही उसवणार."

मग व्रणावर तळवा ठेवला, पूर्ण, दाबून, आणि तिला नव्हे, आतल्या दुसऱ्याला म्हणाले, "तुला बाहेर यायचं असेल तर इथून ये. माझ्या हातातून ये. हिची शिवण उसवायची नाही, आणि एक टाकाही वाढवायचा नाही."

तिचं पोट श्वासाबरोबर वर-खाली होत होतं. त्याखाली, श्वासाशी न जुळणारी, एक ओढ तळव्याला लागली. बारीक. थांबून थांबून. माझ्या कातडीला धागा चाटून गेल्यासारखी.

ताईनं जेवायला हाक मारली. मी गेले नाही. फौजदारिणीनं हळूहळू डोळे मिटले, आणि इथे आल्यापासून पहिल्यांदा ती चारी पाय सैल सोडून घोरू लागली.

तळव्याला काहीतरी टोचलं आहे. बघायचं तर हात उचलावा लागेल. मी उचलणार नाही. हे डाव्या हातानं लिहिते आहे.